वाहन चालवणारा मेंदू कसा तपासतात?

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने वाहन परवान्यासाठी अर्ज केला, की त्याला डॉक्टरांकडून 'फॉर्म १-ए' भरून आणावा लागतो. या फॉर्ममधले प्रश्न अगदी नेमके आहेत. दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरून मोटारीची नंबरप्लेट दिसते का? लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येतात का? रातांधळेपणा आहे का? भोंग्याचा आवाज ऐकू येतो का? हातापायांत काही व्यंग आहे का? दूरची दृष्टी, श्रवणशक्ती, हात, पाय व सांधे यांकडे विशेष लक्ष देऊन तपासणी केली आहे, असे शेवटी डॉक्टर लिहून देतात.

हे सारे प्रश्न आवश्यकच आहेत. पण आता अशा एका माणसाची कल्पना करू, की ज्याला मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघात होऊन गेला आहे. तीन महिन्यांत हातापायांतली ताकद परत आली आहे. दृष्टी उत्तम आहे, नंबरप्लेट तो खडाखड वाचतो. पण जेवताना ताटाच्या डाव्या बाजूची भाजी तशीच राहते, आणि वर्तमानपत्र वाचताना तो प्रत्येक ओळ मध्यापासून सुरू करतो. डावी बाजू त्याला दिसत नाही असे नाही. तिची दखलच घेतली जात नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवायच्या देशात त्याच्या डाव्या हाताला काय असते? पदपथ, सायकलवाले आणि शाळेतून बाहेर पडणारी मुले. फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नाचे त्याचे उत्तर बरोबर येईल, आणि तरीही त्याच्या हाती गाडी देणे धोक्याचे ठरेल.

लक्ष देणे, दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावणे, निर्णय घेणे, नियम आणि रस्ता आठवणे, आपल्या मर्यादा ओळखणे या मेंदूच्या कामांना मिळून आपण बोधनक्षमता म्हणू. पक्षाघात, डोक्याला मार, स्मृतिभ्रंश किंवा कंपवात यांनंतर ही क्षमता वाहन चालवण्याइतकी शाबूत आहे का, हे कसे ठरवायचे? ऑस्ट्रेलियात या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेले व्यवसायोपचारतज्ज्ञ असतात. तिथेही गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनेच धावतात, म्हणून त्यांची पद्धत समजून घेणे आपल्याला सोपे जाईल. परीक्षा घेणे हे शिक्षकांचे नित्याचे काम आहे, आणि परीक्षेतले गुण व माणसाची खरी क्षमता यांचे नाते काय, हा प्रश्न त्यांना रोज पडतो. या लेखातला प्रश्न तोच आहे. फक्त इथे नापास होणाऱ्याचा परवाना जातो आणि चुकून पास होणाऱ्यामुळे कुणाचा जीव जाऊ शकतो.

व्यवसायोपचार म्हणजे काय?

व्यवसायोपचार या शब्दातला 'व्यवसाय' म्हणजे नोकरीधंदा नव्हे. आंघोळ, कपडे घालणे, स्वयंपाक, शाळेत जाणे, बाजारहाट अशी माणसाचा दिवस ज्यांनी भरलेला असतो ती सर्व कामे त्यात येतात. आजारानंतर ही कामे पुन्हा करता यावीत म्हणून रुग्णाला तयार करणे, किंवा कामाची रीत आणि साधने बदलून ती शक्य करून देणे, हे या तज्ज्ञाचे काम. भारतातली या विषयाची पहिली शिक्षणसंस्था कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केली.

डॉक्टर विचारतो, "आजार कोणता?" व्यवसायोपचारतज्ज्ञ विचारतो, "या आजारासह हे काम करता येईल का?" एकाच आजाराची दोन माणसे त्याच कामात अगदी वेगळी ठरू शकतात. म्हणूनच वाहन चालवण्याच्या क्षमतेचा प्रश्न या तज्ज्ञांकडे येतो.

वाहन चालवण्याच्या तीन पातळ्या

जॉन मिशॉन या डच मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली वाहन चालवण्याच्या कामाची तीन पातळ्यांत मांडणी केली. ती आजही उपयोगी पडते.

सर्वांत खालची पातळी हाताळणीची. सुकाणू फिरवणे, ब्रेक दाबणे, गिअर बदलणे. इथले निर्णय सेकंदाच्या अंशात होतात, आणि सरावाने ते आपोआप होऊ लागतात. मधली पातळी डावपेचांची. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचे, ओलांडून पुढे जायचे का, चौकात आधी कोण जाणार. इथे काही सेकंद मिळतात. वरची पातळी नियोजनाची. कोणत्या रस्त्याने जायचे, किती वाजता निघायचे, पाऊस असताना जायचे का, आणि मुळात आज गाडी काढायची का? हे विचार घरी बसूनही करता येतात.

या मांडणीमुळे घरच्यांना गोंधळात पाडणारी एक गोष्ट उलगडते. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळात पत्नी म्हणते, "अहो, यांना नाव आठवत नाही हे खरे, पण गाडी मात्र पहिल्यासारखी चालवतात." तिचे निरीक्षण खोटे नसते. चाळीस वर्षांच्या सरावाची हाताळणी मेंदूत खोलवर रुजलेली असते आणि ती बराच काळ टिकते. आधी बिघडते ती मधली पातळी. रोजच्या ओळखीच्या रस्त्यावर ती पातळी फारशी वापरावीच लागत नाही. रस्ता खोदलेला आहे, वळण बंद आहे, समोरून रुग्णवाहिका येते आहे, अशा दिवशी उणीव एकदम उघडी पडते.

याच मांडणीतून आशेचीही एक वाट दिसते. खालच्या पातळीवर थोडी संथ झालेली व्यक्ती वरच्या पातळीवर शहाणपणाने निर्णय घेऊन धोका कमी करू शकते. रात्री गाडी न काढणे, गर्दीची वेळ टाळणे, अंतर जास्त ठेवणे हे उपाय तिला सुचतात. अट एकच. आपण संथ झालो आहोत, हे त्या व्यक्तीला कळले पाहिजे.

वेळेची वजाबाकी

मेंदूतला निर्णय दिसत नाही, मग तो मोजायचा कसा? फ्रान्सिस्कुस डोंडर्स या डच वैद्यकाने १८६८ साली एक साधी युक्ती वापरली. एकाच खुणेला ठरलेला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ मोजा. मग दोन खुणांपैकी कोणती आली हे ओळखून त्याप्रमाणे प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ मोजा. दुसऱ्यातून पहिला वजा केला, की उरतो तो ओळखण्याचा आणि निवडण्याचा वेळ.

हा प्रयोग वर्गात करता येतो. एका विद्यार्थ्याने ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरावी. दुसऱ्याने खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, अंगठा आणि बोट उघडे ठेवावे. पट्टी न सांगता सोडायची आणि दुसऱ्याने ती पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर प्रतिसादाला सुमारे ०.२ सेकंद लागला. पडणाऱ्या वस्तूच्या सूत्राने मुलांना हे काढता येईल. आता दोन्ही हातांसाठी दोन पट्ट्या घ्या आणि त्यांपैकी कोणतीही एक सोडा. जी पट्टी सुटेल तोच हात मिटायचा, दुसरा उघडाच ठेवायचा. पट्टी आता जास्त घसरते, किंवा चुकीचा हात मिटतो. हात तेच, डोळे तेच. वाढला तो निवडीचा वेळ. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. म्हणजे निर्णयाला अर्धा सेकंद जास्त लागला, तर ब्रेकवर पाय पडण्याआधीच गाडी ७ मीटर पुढे गेलेली असते.

'ट्रेल मेकिंग' ही जगभर वापरली जाणारी चाचणी याच वजाबाकीवर उभी आहे. १९४४ सालच्या अमेरिकन लष्कराच्या चाचणीसंचात ती होती. पुढे राल्फ राइटन यांनी मेंदूच्या इजा ओळखण्यासाठी तिचा वापर रूढ केला. 'अ' भागात कागदावर १ ते २५ आकडे विखुरलेले असतात. पेन्सिल न उचलता ते क्रमाने जोडायचे. 'ब' भागात १३ आकडे आणि १२ अक्षरे असतात, आणि ती आलटून पालटून जोडायची असतात. आपल्या लिपीत सांगायचे तर १, क, २, ख, ३, ग या क्रमाने. ङ आणि ञ वगळले तर क पासून ढ पर्यंत बरोबर १२ अक्षरे होतात, तेव्हा वर्गासाठी असा कागद तयार करणे सोपे आहे.

बहुतेकांना 'ब' भागाला बराच अधिक वेळ लागतो. शोधणे, रेघ ओढणे हे दोन्ही भागांत सारखेच आहे. 'ब' भागात भर पडते ती एका मालिकेतला आपला ठिकाणा लक्षात ठेवून दुसरीकडे वळण्याची. चौकात आरसा, सिग्नल, पादचारी आणि वेग यांच्यामध्ये आपले लक्ष असेच फिरत असते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वयस्क चालकांविषयी २००३ साली डॉक्टरांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत, 'ब' भागाला १८० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पुढील तपासणी करावी, असे म्हटले होते.

इथे शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. वर्गात ज्याला वेळ जास्त लागेल त्याच्याविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. शिवाय, 'ब' भाग अक्षरक्रम किती पाठ आहे यावरही अवलंबून असतो. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या, पण शाळा मराठीतून किंवा चिनीतून केलेल्या आजोबांना इंग्रजी अक्षरे क्रमाने जोडायला वेळ लागला, तर तो मेंदूचा दोष म्हणायचा की लिपीचा? याच अडचणीमुळे अक्षरांऐवजी दोन रंगांतले आकडे वापरणारी 'कलर ट्रेल्स' ही चाचणी तयार झाली आणि १९९६ साली प्रसिद्ध झाली.

दिसणे आणि ध्यानात येणे

कार्लीन बॉल, सिंथिया ओस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नजरेचे एक वेगळेच मोजमाप केले. पडद्याच्या मध्यभागी एक आकृती क्षणभर चमकते. ती मोटार होती की ट्रक, हे सांगायचे. त्याच क्षणी कडेला कुठेतरी दुसरी मोटार चमकते. ती कोणत्या दिशेला होती, तेही सांगायचे. मग हीच गोष्ट भोवती अनेक त्रिकोण विखुरलेले असताना करायची. नजर न हलवता एका क्षणात जेवढ्या भागातली माहिती माणूस खरोखर वापरू शकतो, त्या भागाला त्यांनी 'उपयुक्त दृष्टिक्षेत्र' म्हटले. नेत्रतज्ज्ञाच्या तपासणीत दृष्टी पूर्ण निर्दोष असलेल्या माणसाचेही उपयुक्त दृष्टिक्षेत्र आकसलेले असू शकते. "मला तो सायकलवाला दिसलाच नाही," असे अपघातानंतर सांगणारा माणूस पुष्कळदा खोटे बोलत नसतो.

ऑस्ट्रेलियातल्या लिनेट के, अनिता बंडी आणि लिंडी क्लेमसन यांनी व्यवसायोपचारतज्ज्ञांसाठी विकसित केलेली 'ड्राइव्हसेफ' चाचणी रस्त्याच्या आणखी जवळ जाते. चौकाचे चित्र काही सेकंद दाखवतात. त्यात माणसे आणि गाड्या असतात. मग चित्र रिकामे होते, आणि कोण कुठे होते व कोणत्या दिशेने चालले होते, हे आठवून सांगायचे असते. तिच्या जोडीची 'ड्राइव्हअवेअर' ही चाचणी आणखी महत्त्वाची आहे. त्या व्यक्तीला तिच्या स्वतःच्या कामगिरीविषयी विचारतात आणि तिचे उत्तर तज्ज्ञाच्या मताशी ताडून पाहतात. दोघांत फार तफावत असेल, तर आपल्यात काय कमी झाले आहे याची जाणीवच त्या व्यक्तीला नाही.

ही जाणीव का महत्त्वाची, ते एका तुलनेने कळेल. पक्षाघातानंतर काहींच्या दृष्टिक्षेत्राचा डावा अर्धा भाग खरोखरच नाहीसा होतो. असा माणूस "मला डावीकडचे दिसत नाही" हे जाणतो आणि मान वळवून बघायला शिकू शकतो. लेखाच्या सुरुवातीला कल्पिलेल्या माणसाचे डोळे डावीकडचे पाहू शकतात, पण डावीकडे काही बघायचे राहिले आहे, हेच त्याला जाणवत नाही. दोघांपैकी दुसरा अधिक धोक्यात असतो.

चाचणी खरी की खोटी?

बॉल, ओस्ली आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ५५ वर्षांपुढील २९४ चालकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावावर आधी अपघात होते, त्यांपैकी ८९ टक्के या चाचणीने बरोबर ओळखले. ज्यांच्या नावावर नव्हते, त्यांतल्या ८१ टक्क्यांना चाचणीने बरोबर मोकळे सोडले. पहिल्या आकड्याला चाचणीची संवेदनशीलता म्हणतात, दुसऱ्याला विशिष्टता. आकडे चांगले आहेत. मग ही चाचणी प्रत्येक वृद्ध चालकाला सक्तीची का करू नये?

याचे उत्तर नववीच्या गणितात आहे. एका गावात १,००० वृद्ध चालक आहेत आणि त्यांपैकी ५० खरोखर धोकादायक आहेत, असे मानू. हा ५० चा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतलेला आहे. चाचणी ५० पैकी ८९ टक्के, म्हणजे सुमारे ४५ जणांना पकडेल. उरलेल्या ९५० निर्दोष चालकांपैकी १९ टक्के, म्हणजे सुमारे १८०, चुकून नापास होतील. एकूण नापास २२५, आणि त्यांत खरे धोकादायक ४५. म्हणजे नापास झालेल्या दर पाच जणांपैकी चौघांचा परवाना विनाकारण जाईल, आणि तरीही ५ धोकादायक चालक सुटतीलच.

आता तीच चाचणी रुग्णालयात वापरू. डॉक्टरांना शंका आली म्हणून १०० रुग्ण पाठवले आहेत आणि त्यांपैकी ४० जण खरोखर धोकादायक आहेत, असे धरू. आता नापास होतील ३६ धोकादायक आणि सुमारे ११ निर्दोष. चार नापासांपैकी तीन योग्य ठरले. चाचणी बदलली नाही. ती कोणाला दिली, ते बदलले. विद्यार्थ्यांना ५० ऐवजी १०, ४० ऐवजी २० असे आकडे घालून हे कोष्टक पुन्हा करायला सांगावे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांनाही हा हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहावा लागतो, कारण ८९ टक्के हा आकडा मनाला फार लवकर पटतो.

हे केवळ कागदी गणित नाही. डेन्मार्कमध्ये २००६ साली ७० वर्षांपुढील चालकांना परवान्याच्या नूतनीकरणावेळी बोधनक्षमतेची चाळणी चाचणी लागू झाली. अनू सिरेन आणि अॅनेट मेंग यांनी त्याआधीच्या आणि नंतरच्या प्राणघातक अपघातांची तुलना करून २०१२ साली निष्कर्ष मांडले. अशा अपघातांत सापडलेल्या वृद्ध चालकांच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नव्हता. मात्र पायी वा सायकलवर असताना मृत्युमुखी पडलेल्या वृद्धांची संख्या वाढली होती. त्यांचा तर्क असा, की मोटार सोडलेली काही वृद्ध मंडळी पायी आणि सायकलने फिरू लागली, आणि रस्त्यावर पायी माणूस सर्वांत असुरक्षित असतो.

जपाननेही ७५ वर्षांपुढील चालकांना २००९ पासून अशी चाचणी लावली. पण २०१७ पासून तिथे स्मृतिभ्रंशाची शंका दाखवणाऱ्या निकालानंतर डॉक्टरांची तपासणी सक्तीची आहे. म्हणजे चाळणीचा निकाल हा शेवटचा निकाल धरला जात नाही.

खरी परीक्षा रस्त्यावर

यावरून ऑस्ट्रेलियातल्या पद्धतीतला शहाणपणा लक्षात येईल. 'ड्राइव्हसेफ' आणि 'ड्राइव्हअवेअर' यांचा एकत्रित निकाल 'पास' किंवा 'नापास' असा दोनच कप्प्यांत टाकत नाहीत. कप्पे तीन आहेत: बहुधा सुरक्षित, बहुधा असुरक्षित, आणि 'सांगता येत नाही'. तिसऱ्या कप्प्यातल्या व्यक्तीची खरी परीक्षा रस्त्यावर होते.

पक्षाघातानंतर तिथे खाजगी वाहन किमान ४ आठवडे चालवू नये, असा दंडक आहे. त्यानंतर शंका असलेल्या व्यक्तीची तपासणी दोन भागांत होते. पहिला भाग खोलीत: आजाराचा इतिहास, दृष्टी, हातापायांच्या हालचाली, वर सांगितल्यासारख्या चाचण्या, वाहतुकीचे नियम. दुसरा भाग दुहेरी ब्रेक असलेल्या मोटारीत. व्यक्ती सुकाणूवर, शेजारी वाहन शिकवणारा प्रशिक्षक आणि मागच्या आसनावर व्यवसायोपचारतज्ज्ञ. प्रशिक्षक रस्ता सांगतो आणि सुरक्षिततेची काळजी घेतो. गरज पडली तर ब्रेक दाबतो. तज्ज्ञ फक्त पाहतो आणि नोंदी करतो.

सुरुवात शांत गल्लीतून होते. गाडी नवी, माणूस धास्तावलेला. त्याला सावरायला वेळ देतात. मग चौक, सिग्नल, मोठा रस्ता, मार्गिका बदलणे. पुढे सूचना कमी होतात: "त्या दुकानापर्यंत न्या आणि तिथून परत या." आता रस्ता लक्षात ठेवणे, पाटी शोधणे आणि गाडी चालवणे ही कामे एकत्र करावी लागतात. मिशॉनच्या तिन्ही पातळ्या अशा एकाच फेरीत तपासल्या जातात.

नोंदीतले खरे कौशल्य चूक आणि सवय यांच्यात भेद करण्यात आहे. तीस वर्षे गाडी चालवलेला माणूस एका हाताने सुकाणू धरतो, किंवा थांबण्याच्या रेघेवर पूर्ण थांबत नाही. नवशिक्याच्या परीक्षेत याचे गुण कापले जातील, पण मेंदूला इजा झाल्याचा हा पुरावा नव्हे. उलट हिरवा सिग्नल असताना विनाकारण थांबणे, प्रत्येक डाव्या वळणावर चाक पदपथाला घासणे, बाजूने येणारी गाडी असूनही मार्गिका बदलणे, आणि मुख्य म्हणजे चूक दाखवल्यावरही ती न पटणे, या नोंदी गंभीर असतात. एकदा झालेल्या चुकीपेक्षा त्याच जातीची चूक पुन्हा पुन्हा होते का, याकडे तज्ज्ञाचे लक्ष असते. गणिताचा पेपर तपासताना हातचा विसरलेला मुलगा आणि भागाकारच न समजलेला मुलगा यांत शिक्षक असाच फरक करतात.

ही परीक्षाही निर्दोष नाही. रस्ता रोज वेगळा असतो, पाऊस असतो, परीक्षकाचे मत असते. म्हणून ठरावीक मार्ग, ठरावीक नोंदपत्रक आणि गाडीत दोन निरीक्षक अशी व्यवस्था आहे. तज्ज्ञ शिफारस करतो. परवान्याचा अंतिम निर्णय परवाना देणारे खाते घेते. 'हो' आणि 'नाही' यांच्यामध्येही जागा ठेवलेली असते. फक्त दिवसा, फक्त घराच्या आसपासच्या ठरावीक परिसरात, किंवा फक्त स्वयंचलित गिअरची गाडी, अशा अटींवर परवाना मिळू शकतो. काहींना प्रशिक्षकाबरोबर सराव करून पुन्हा परीक्षा देण्यास सांगतात.

परवाना गेल्यावर

इतकी खटपट कशासाठी, शंका आली की परवाना काढून घ्यावा, असे कोणी म्हणेल. परंतु वाहन सोडण्याची किंमतही मोजलेली आहे. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१६ सालच्या एका लेखात, वाहन चालवणे सोडलेल्या वृद्धांत नैराश्याच्या लक्षणांचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. ऑस्ट्रेलियातल्या विरळ वस्तीच्या गावात परवाना जाणे म्हणजे दुकान, दवाखाना आणि मित्र हे सारेच दूर जाणे. म्हणून परवाना थांबवण्याची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञाचे काम तिथे संपत नाही. आता बाजारात कसे जायचे, बस कुठून पकडायची, कोण सोबत येईल, हे ठरवणेही त्याच्या उपचाराचाच भाग असते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मोटारीसाठी बनवलेल्या चाचण्या दुचाकीला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. दुचाकीला तोल सांभाळावा लागतो, आणि शेजारी दुहेरी ब्रेक घेऊन बसणारा प्रशिक्षक तिथे असू शकत नाही. वाहतुकीची रीतही वेगळी. मेलबर्नच्या मार्गावर तयार केलेले नोंदपत्रक नागपूर किंवा सोलापूरच्या रस्त्यावर वापरायचे, तर ते नव्याने तपासून घ्यावे लागेल. व्यवसायोपचाराच्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी हा चांगला विषय आहे.

तोपर्यंत घरी काय करता येईल? आजारातून उठलेल्या माणसाला "आता गाडी विका" असे एकदम सांगण्याऐवजी, त्याच्या शेजारी बसून चार-सहा फेऱ्या बारकाईने पाहाव्यात आणि नोंदी ठेवाव्यात. नेहमीच्या रस्त्यावर चुकणे, गाडीवर नवे ओरखडे, इतरांचे वारंवार भोंगे, सिग्नल उशिरा लक्षात येणे, या खुणा आहेत. त्या दिसल्या तर वाहन थांबवावे आणि नोंदी घेऊन मेंदूविकारतज्ज्ञ किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जावे. "कसे चालवतात?" या प्रश्नाला "ठीक" या उत्तरापेक्षा अशा तारीखवार नोंदी त्यांना कितीतरी अधिक उपयोगी पडतात.

आणि वर्गात? पट्टीचा प्रयोग, आकडे-अक्षरांचा कागद आणि १,००० चालकांचे कोष्टक या तीन गोष्टी दोन तासिकांत करून घेता येतात. शेवटी विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: नापास झालेल्या त्या २२५ जणांत तुमचे आजोबा असतील, आणि सुटलेल्या ५ जणांपैकी एकाची गाडी तुमच्या शाळेसमोरून जात असेल, तर तुम्ही चाचणीची पास-नापासाची रेघ कुठे ओढाल? उत्तरे वेगवेगळी येतील. ती फळ्यावर लिहून प्रत्येकाला आपल्या उत्तराची कारणे मांडायला सांगावीत.